डबल बेल

मालननं लाकडी ट्रामवरचा तारेला टेकणारा दांडा काढला आणि पोटात बॅटरी बसवली. हे मॉडेल आप्पांनीच हौसेनं केलेलं, आजवर डोक्यावरच्या तारेच्या विजेवर धावायचं. आता आप्पा अंथरुणाला खिळले होते, वाचा गेली होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं हलेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

पलंगापासून कपाटापर्यंत रूळ मांडून तिनं रिमोट त्यांच्या हातात दिला. "आप्पा, बटण दाबा. सोडलंत की थांबेल."

आप्पा नुसते ट्रामकडे बघत राहिले. तिनं तीनदा समजावलं. शेवटी नाद सोडून उठताना तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आप्पा खऱ्या ट्रामचे ड्रायव्हर. कंडक्टरच्या डबल बेलशिवाय त्यांनी गाडी कधी हलवली नव्हती आणि सिंगल बेलशिवाय थांबवली नव्हती.

तिनं चमचा पेल्यावर दोनदा वाजवला.

ट्राम निघाली. मालन डोळे पुसत बघत राहिली. रूळ संपले, ट्राम धाडकन कपाटावर आदळली, तरी चाकं फिरतच होती.

"आप्पा, सोडा ना बटण!"

आप्पांनी वैतागून तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या हातातल्या चमच्याकडे.