धाकट्याचा एमआरआय

डॉक्टरांनी एमआरआयची दोन चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावली. "हा तुमच्या यकृतावरचा डाग. या चित्रात उजळ आहे, त्या चित्रात काळा पडतो. चरबी अशी वागते. आणि ही रक्तवाहिनी बघा, डागातून सरळ निघून गेली आहे. गाठीने तिला बाजूला ढकललं असतं."

"म्हणजे गाठ नाही?" धाकट्याने विचारलं.

"नाही. आणि एवढ्याशा चरबीने काही अडत नाही. भावाला यकृताचा तुकडा द्यायला तुम्ही मोकळे."

शेजारी बसलेल्या वहिनीने डोळ्यांना रुमाल लावला. "सुटलात हो भाऊजी!" म्हणाली. वॉर्डात पडलेल्या नवऱ्याचं तिने नावही काढलं नाही.

धाकट्याच्या काळजात धस्स झालं. पंधरा दिवसांपूर्वी सोनोग्राफीत हा डाग दिसला आणि त्याची शस्त्रक्रिया थांबली. त्या दिवशी सगळं घर हवालदिल झालं होतं आणि हा पठ्ठ्या महिन्याभरात पहिल्यांदा पोटभर जेवला होता. गाठीची भीती होती, नाही असं नाही. पण ती लांबची. पोट फाडून घ्यायची तारीख पुढच्याच आठवड्यातली होती. वर थोरल्याच्या खाटेशी बसून, "दादा, माझी फार इच्छा होती रे," असंही म्हणून झालं होतं. थोरल्याने पिवळ्या पडलेल्या हाताने त्याचाच हात थोपटला होता. ते आठवून त्याला आता मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तरीही तोंडातून निसटलंच, "डॉक्टर, अजून एकदा नीट बघता का?"

डॉक्टर हसले. "विश्वास बसत नाही ना? होतं असं."

वहिनी हसली नाही. रुमालाची घडी घालता घालता ती त्याच्याकडे बघत राहिली.

बाहेर येऊन दोघं बाकावर बसतात तोच तिच्या पर्समधला फोन वाजला. थोरल्याचा होता. सकाळपासून तो या रिपोर्टसाठी ताटकळत होता. तिने फोन हातात घेतला, पण उचलला नाही.

"भाऊजी," ती हळूच म्हणाली, "गाठच निघाली म्हणून सांगू का त्यांना?"

टोमणाच असणार म्हणून त्याने कशीबशी मान वर केली. टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती.