टिल्लू सरांची दाढ

तिसऱ्या सेशनलाही दातांच्या डॉक्टर वायंगणकर बाई "हो", "नाही" आणि "बघू" यांच्यापुढे गेल्या नाहीत. बिझनेस कोच टिल्लू सरांनी सगळे हुकमी प्रश्न टाकून पाहिले, पण बाईंचा दवाखाना ओस का पडलाय, याचा थांगपत्ता लागेना. 'क्लायंटला बोलतं करा, विश्वास आपोआप बसतो,' असं ते सगळीकडे सांगत फिरायचे! हताश होऊन त्यांनी चहासोबतची चिक्की कडकन चावली आणि डोळ्यांपुढे काजवेच चमकले.

"बसा खुर्चीत. दाढ काढावी लागेल," बाई म्हणाल्या.

इंजेक्शन झालं, गालात कापसाचे बोळे कोंबले गेले. सरांचं तोंड असं उघडं अडकलं, आणि इकडे बाईंच्या तोंडाचा पट्टा सुटला. समोरच दवाखाना थाटणारी सख्खी जाऊ, तिने पळवलेले पेशंट, वर सासूबाईंची तिलाच फूस! सरांनी तीनदा मोलाचा सल्ला द्यायचा प्रयत्न केला. "आं... आं..." एवढंच बाहेर पडलं. शेवटी दाढ निघाली तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

बाई गहिवरल्या. "माझ्या दुःखाने रडणारे तुम्ही पहिलेच हो! आणि मध्ये एका शब्दाने तोडलं नाहीत. वर्षभर तुम्हीच माझे कोच."

सोमवारी नव्या क्लायंटच्या दाराची बेल वाजवण्याआधी टिल्लू सरांनी इकडेतिकडे पाहिलं, खिशातून कापसाचा बोळा काढला आणि हळूच गालात सरकवला.