चंगाची नववी तार

मिरजेच्या संग्रहालयात दुपारी एक जुनं इराणी चित्र वाजू लागलं. चित्रातली बाई बागेत बसून चंग, म्हणजे मांडीवर उभी धरायची वीणा, छेडत होती. तिच्या बोटांची ठेवण आणि तारांचा ताण मोजून यंत्र पुढचे सूर काढत होतं. अशी वाजणारी चित्रं आता गावोगाव होती. उद्यापासून हेही लोकांना ऐकायला मिळणार होतं.

यंत्र सांभाळणाऱ्या जरीनानं हौसेनं वडिलांकडे पाहिलं. ऐंशी वर्षांचे दस्तगीर अब्बा जन्मभर सतारी घडवत आले होते. त्यांची मान काही डोलेना.

"फारच साफ वाजतंय," ते म्हणाले. भिंग घेऊन त्यांनी चित्रातल्या तारा मोजल्या. "नववी तार तुटलीय बघ. तुझ्या यंत्रानं ती जोडून टाकली."

"चित्रकार काढायला विसरला असेल, अब्बा. संग्रहालयाच्या साहेबांनीच ही दुरुस्ती मंजूर केलीय."

"नखांवरची मेंदी रंगवणारा माणूस तार विसरेल होय?"

जरीना घुटमळली. मग तिनं दुरुस्ती काढून टाकली.

पुन्हा सूर उमटले. नवव्या तारेपाशी येताच ते अडखळले, क्षणभर थांबले, आणि शेजारची तार हलकेच ओढून बाईनं हवा तो सूर काढला. दालनात बागेतला गारवा उतरल्यासारखं वाटलं. अब्बांनी डोळे मिटले.

जरीनानं फोन लावला. "साहेब, चंगाला एक तार कमी आहे. उद्या तसाच ऐकवते."

पलीकडून आवाज चढला. तिनं फोन चित्राजवळ धरला. हळूहळू पलीकडचं बोलणं थांबलं.