लाल छत्रीवाला

मानसशास्त्र शिकणारी प्रतीक्षा सुट्टीत मेहकरला आली, ती प्रयोगाचा व्हिडिओ घेऊनच. ट्रकात पडणारी कांद्याची पोती मोजायची. मधूनच लाल छत्रीवाला माणूस जातो, पण मोजणाऱ्याला तो दिसतच नाही!

आठ दिवसांत तिनं तो दाखवून अख्ख्या गल्लीला फसवलं. आज तिचे बाबा, रंगरावही फसले.

"डोळ्यांसमोरचं दिसत नाही ना बाबा माणसाले!" ती हसून म्हणाली.

शेजारी आई तंबाखू मळत होती. मळून झाल्यावर तिनं ती रंगरावांच्या डाव्या तळहातावर ठेवली. त्यांचा उजवा हात मांडीवर लुळा पडला होता.

"हप्ता झाला, तुह्या बाबाची तंबाखू मी मळून देऊन राह्यली," आई म्हणाली.


मग तिनं प्रतीक्षाला विचारलं, "हे दिसलं काय तुले?"