थंड मोटर

टीनाने फवारणीच्या मोडक्या ड्रोनमधली ब्रशलेस मोटर काढली, पाइपच्या तुकड्यांच्या सांगाड्यात बसवली, भंगारातली ढोबळी चाकं लावली आणि रिमोटवर चालणारा मॉन्स्टर ट्रक तयार केला. रोज सकाळी ती तो अंगणातून सोडायची आणि रोज तो वाटेत बंद पडायचा.

"बाबा, तुमीच आना ना. मले रिमोट पाहू द्या."

लकवा झाल्यापासून बाजेवरून न हललेले तिचे वडील भैयाजी शिव्या घालत उठायचे आणि काठी टेकत जायचे. पहिल्या दिवशी ट्रक हातपंपापाशी थांबला होता. आठवड्याने चिंचेखाली. मग धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर.

"कायची मोटर लावली तू, पोरी!"

"फुकटची हाय बाबा. चालते तेवढी चालते."

आज तो थेट तलावाच्या पाळीवर बंद पडला. भैयाजी परत येईनात म्हणून टीना धावत गेली. ते ट्रक मांडीवर घेऊन बसले होते. चौकातल्या, लकव्यापासून बंद असलेल्या आपल्या दुकानात तीस वर्षं शेतपंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरलेला त्यांचा हात त्या इवल्या मोटरवर होता.

"अडकून बंद पडलेली मोटर तापते, बेटा. ही तर पहिल्या दिवशी हातपंपापाशीच थंडी होती."

टीनाने हातातला रिमोट पाठीमागे लपवला.

भैयाजींनी ट्रक तिच्याकडे दिला आणि काठीवर भार टाकून उठले.

"उद्या दुकानापाशी बंद पाड. चावी मी आनतो."