ब्याऐंशी सालची बाटली

वामनरावांनी बाटली दिव्यापुढे धरली, लेबल सगळ्यांना दिसेल अशी फिरवली आणि तोंडावरची लाख चाकूने खरवडायला घेतली. समोर बसलेल्या भागवतने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

"ब्याऐंशी सालची हाय," वामनराव म्हणाले. "ही शेवटची. हिच्यानंतर तळघर रिकामं."

नांदुऱ्यातल्या या घरी दर जानेवारीत असं जेवण होई. वामनराव बावीस वर्षं फ्रान्समध्ये इंजिनियर होते. परतताना त्यांनी तिकडून वाइनच्या बारा जुन्या बाटल्या आणल्या, घराखाली गार तळघर बांधून घेतलं आणि वर्षाला एक बाटली फोडायचं ठरवलं. जेवायला मित्र दोनच. कॉलेजातून प्राचार्य म्हणून निवृत्त झालेले गुलाबराव आणि गुरांचा डॉक्टर भागवत. गावात लोक म्हणत, हे तिघं फ्रान्सची पितेत. भागवतला ते ऐकायला बरं वाटे.

यंदा वामनरावांची मुलगी प्रेरणाही आली होती. पुण्याच्या एका मोठ्या हॉटेलात वाइन चाखून निवडण्याचं काम ती करायची. नुसत्या वासावरून साल सांगते, असं वामनराव कुणालाही सांगत सुटायचे. इतकी वर्षं जानेवारीत तिला रजा मिळाली नव्हती. या वेळी मिळाली.

म्हणूनच भागवतला थंडीत घाम आला होता. बाटलीत जे होतं ते ब्याऐंशी सालचं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी वामनराव बायपाससाठी मुंबईला गेले, तेव्हा घराच्या किल्ल्या भागवतकडे होत्या. रोज झाडांना पाणी घालायचं, एवढंच काम. त्याच वर्षी त्याची बायको कौशल्याबाई गेली होती. लोक भेटायला येत, तो त्यांच्यापुढे नुसता बसून राही. डोळ्यांत पाणी म्हणून येत नव्हतं. अशाच एका संध्याकाळी झाडांना पाणी घालून झाल्यावर तो तळघरात उतरला. दर वर्षी वाट्याला दोन-चार घोट यायचे, तेही गुलाबरावांचं भाषण ऐकत. एकदा एकट्याने, सावकाश प्यावी असं त्याला वाटलं.

गुरांना टोचायची लांब सुई त्याने ब्याऐंशीच्या बाटलीच्या लाखेतून, बुचातून आत घातली. हवेसाठी दुसरी. मग पायरीवर बसून तो प्यायला. तिसऱ्या पेल्याला त्याला रडू फुटलं ते थांबेचना. वर आला तेव्हा छाती हलकी झाली होती. आठवड्याभरात त्याने दुसरी वाइन आणली, त्याच सुईने आत सोडली आणि लाखेला आच देऊन भोकं बुजवली. तेव्हापासून वामनराव "भागवत म्हणजे आपला घरचा माणूस" म्हणाले की तो दुसरीकडे बघायचा.

बूच निघालं. स्वयंपाक करणाऱ्या झुंबरबाईंनी कोंबड्याचा रस्सा आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणून ठेवल्या. वामनरावांनी पहिला पेला लेकीपुढे सरकवला. ओतताना त्यांच्याकडून दोन थेंब टेबलावर सांडले होते. बायपासनंतर माणूस थकतोच, भागवतच्या मनात आलं.

"सांग आता," वामनराव म्हणाले.

प्रेरणाने पेला नाकाशी नेला. मग तिने एक घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. टेबलावर कुणी भाकर मोडत नव्हतं.

"बाबा," ती म्हणाली, "अशी मी आतापावेतो दोनदाच चाखली. सुक्या अंजिराचा वास हाय पाहा. मंग ओल्या लाकडाचा."

"अंजीर," गुलाबराव म्हणाले. "मी तेच म्हणून राह्यलो होतो."

वामनराव खुर्चीत मागे टेकले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

भागवतनेही घोट घेतला. दोन वर्षांपूर्वी त्याने भरली होती तीच. पोरीला हे कळलं नसेल असं होणं शक्य नव्हतं. तिला कळलं होतं आणि तिने झाकलं होतं. किल्ल्या कुणाकडे होत्या हे तिला ठाऊक होतं. म्हणजे त्याच्यासाठीच झाकलं होतं. पुढचं जेवण त्याला गोड लागलं नाही.

निघताना प्रेरणा त्याला फाटकापर्यंत सोडायला आली. गुलाबराव अजून आतच बसले होते. भागवत फाटकाला हात लावून थांबला.

"तुले समजलं, पोरी. तरी तू बोलली नाही."

"काय काका?"

"तुह्या बाबाची बाटली मी पेलो. ते मुंबईले होते तवा. अन् दुसरीच भरून ठेवली." एकदा तोंड उघडल्यावर त्याला थांबता येईना. "कौशल्या गेली तवा मले रडू येत नव्हतं. त्या वाइननं रडवलं मले. तशी चीज मी जिंदगीत पेलो नाही, यापुढं पेणारबी नाही. माणूस उगाच नाही चाळीस वर्षं जपून ठेवत. पण चोरी ते चोरी. उद्या येतो अन् त्याले सांगून टाकतो. मंग त्याले बोलायचं असन तर बोलन, नाही तर नाही."

"नका सांगू."

"काऊन?"

प्रेरणाने वळून घराकडे पाहिलं. खिडकीतून वामनराव दिसत होते. रिकामी बाटली हातात घेऊन ते गुलाबरावांना लेबल वाचून दाखवत होते.

"तुमी आत कोणती भरली होती?" तिने विचारलं.

"नाशिकची. खामगावात भेटते थे, निळ्या लेबलची. लय साधी."

प्रेरणाने आवाज खाली आणला.

"तळघर बांधलं तवा मी दाराआडून पाह्यलं होतं. बाराच्या बारा बाटल्यांत बाबांनी तीच भरली होती, काका."