पुनवेचं जेवण

सरजाबाई संध्याकाळी विहारातून परत आल्या तेव्हा स्वयंपाकघर लख्ख पुसलेलं होतं, आणि तिथेच त्यांना शंका आली. त्यांची नात लुंबिनी आपणहून ओटा पुसणाऱ्यांतली नव्हती. त्यांनी गुळाचा डबा उचलून पाहिला, हलका लागला. टोस्टचं पाकीट नव्हतं, सकाळच्या पोळ्या नव्हत्या. शेंगदाण्याची चटणीसुद्धा नुसती कोरडीच खाऊन संपवलेली होती.

लुंबिनी आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. चोविसाव्या वर्षी माणसानं इतकं थकलेलं दिसू नये, पण ती दिसत होती.

"ऊठ माय, जेवून घे," सरजाबाई दारातून म्हणाल्या.

"आज पुनव हाय ना आजी. तुझ्यासंगं अष्टशील घेतलंय मी."

ते खरं होतं. सकाळी दोघींनी पांढरे कपडे घालून बुद्धमूर्तीपुढे हात जोडले होते आणि आठ शीलं घेतली होती. त्यातलं एक, दुपारी बारानंतर दुसऱ्या दिवशी उजाडेपर्यंत जेवायचं नाही. सरजाबाईंनी हे पन्नास वर्षं, दर पौर्णिमेला, एकदाही न मोडता पाळलं होतं. मुलगा, सून, नातू, कुणी कधी त्यांच्या शेजारी बसलं नाही. आज नात बसली तर म्हातारी हरखून गेली. हिमायतनगरच्या विहारात चारचौघींना सांगूनही आली. त्या भरात नातीचा दवाखाना त्या विसरल्या, की विसरायचंच ठरवलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली होती. सुनेनं ती कागदावर लिहून फ्रिजला चिकटवली होती. अधूनमधून खाण्याचा झटका येईल, हाताला लागेल ते खाल्लं जाईल. आला तर आला. पण त्याच्या पुढचं जेवण चुकवायचं नाही. चुकवलं की पुढचा झटका आणखी मोठा, त्यानंतरचा उपास आणखी लांब. या रहाटगाडग्यात लुंबिनी मागच्या उन्हाळ्यात अकरा दिवस सलाईनवर होती. सून आज ड्युटीवर होती. कागद तेवढा जागेवर होता.

"डबा पाहिला मी," सरजाबाई म्हणाल्या.

"पाहिलास तर मग कशाला इचारून राहिलीस?" लुंबिनी भिंतीशीच बोलली. "बारा वाजले न् डोक्यात एकच सुरू झालं. आता खायचं न्हाई, आता खायचं न्हाई. दोनपर्यंत धरलं मी. मग कळलंच न्हाई." तिचा आवाज रडका नव्हता. रडायलाही अंगात जोर लागतो. "शील घेतलं की तरी थांबंल वाटलं होतं. ते बी मोडलं. आता राती तरी पाळू दे."

सरजाबाईंना संताप आला, तो नातीचा नव्हे. आजारातून उठणाऱ्या पोरीला त्यांनीच हौसेनं उपाशी बसवलं होतं, आणि वर तोंड भरून साधू साधू म्हटलं होतं.

त्या स्वयंपाकघरात गेल्या. दोन भाकरी थापल्या, वरण ऊन केलं. दोन ताटं वाढून खोलीत आणली आणि गुडघ्याला हात देत खाली बसल्या.

लुंबिनी उठून बसली. "दोन कुणाला?"

"एक तुला, एक मला."

"आजी, तुझं शील मोडंल!"

"मोडंल."

"मी खाते ना. तू कशाला?"

"तू न्हाई खायाची. मी उठले की ताट खाटंखाली जातंय, वळखून हाय मी तुला."

त्यांनी भाकरी मोडून वरणात बुडवली. हात तोंडापाशी गेला आणि थबकला. पन्नास वर्षांची सवय अशी सुखासुखी सुटते होय! मग त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. तो त्यांना गोड लागला नाही, हे तोंडावर दिसत होतं.

लुंबिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "इतकी वर्षं पाळलंस, आन् माझ्यापायी..."

"कोण म्हणलं पाळलं म्हून?" सरजाबाई ताटाकडे बघत म्हणाल्या. "सुगीच्या दिसात किती येळा मोडलंय. तुझा बाप पोटात होता तव्हा तर दर पुनवेला. चोरून खाल्लंय मी, विहाराच्या मागं उभं ऱ्हाऊन."

"तू? मग काय केलंस?"

"काय करणार? दुसऱ्या दिशी गुमान जेवले, कामाला गेले. म्होरल्या पुनवेला पुन्हा हात जोडले. एकदा घेऊन जन्माला पुरलं असतं, तर भंतेजींनी दर पुनवेला कशाला दिलं असतं ग?"

लुंबिनीनं ताट जवळ ओढलं. पोट अजून दुपारच्यानं जड होतं, भुकेचा पत्ता नव्हता. तिनं भाकरीचा लहानसा तुकडा मोडला, वरणाला लावला आणि तोंडात घातला. औषध घेतात तसा चावला. मग दुसरा.

तिसऱ्या घासाला ती थांबली. म्हातारीच्या तोंडाकडे नीट निरखून पाहू लागली.

"आजी, खोटं बोलायचं न्हाई, हे बी शीलच हाय ना?"

"हाय की," सरजाबाई म्हणाल्या. "ते बी घेऊ म्होरल्या पुनवेला. तू वरण घे."